उपाशी पाणी

सोमवार, १७ मार्च

आला! आला एकदाचा! सव्वानऊला ट्रक कोपऱ्यावर पोचला आणि तिथेच अडकला. आमची गल्ली बांधणाऱ्यांनी गाढवगाडीपलीकडचा विचारच केला नव्हता. मग आठ जणांनी खांद्यावर घेतला — माझा स्पा, गरम पाण्याचा हौद! चौघं या बाजूला, चौघं त्या बाजूला, मध्ये कापडात गुंडाळलेलं ते धूड, आणि मागे निम्मं गाव. समोरची सीना ऑन्टी ओट्यावर उठून उभी राहिली आणि तिने विचारलं, "कोण गेलं गं?"

शार्मोनने पाठवलाय, केपटाऊनहून. पस्तीस वर्षं दवाखान्यात पेशंट उचलून उचलून आईची कंबर गेली, म्हणून लेकीची भेट. पाच जण बसतील एवढा मोठा. घरात मी एकटी! माझा नवरा हेनी असता तर हसून हसून खुर्चीतून पडला असता. सात वर्षं झाली त्याला जाऊन, पण अशा वेळी अजून मान वळते त्याच्या खुर्चीकडे.

दुकानवाल्यांनी सांगितलं, नळाचं पाणी भरा. नळाचं कशाला? आज सोमवार — दहा वीस ते अकरा पाच माझी पाटाची पाळी. डोंगरावरून येणारं पाणी, जसंच्या तसं. पाटाचं दार उचललं, हेनीचा जुना पंप लावला, पडद्याच्या जाळीतून गाळून सगळं आत. पाळ्यांची वही चाळीस वर्षं सीना ऑन्टीकडे आहे. ती घड्याळ घेऊन शेजारी उभी. अकरा पाचला दार पाडलं तिने, एक मिनिट जास्त नाही. उरलेलं मग नळाने भरलं.

रंग रुईबॉसच्या चहाचा, लालसर तपकिरी. आणि मऊ! साबण नुसता दाखवला तरी फेस येईल असं पाणी. साऱ्या केपमध्ये असं पाणी शोधून दाखवा.

बुधवार, १९ मार्च

तापलं. उतरले. गळ्यापर्यंत. कंबर पहिल्यांदा गप्प बसली. दोन तास बाहेर आलेच नाही, बोटांची मनुकं झाली!

शनिवार, २२ मार्च

लिहिताना अजून हसू येतंय, अक्षर बघा कसं आलंय.

चर्चच्या भगिनी मंडळातल्या तिघींना बोलावलं होतं, आणि अर्थात सीना ऑन्टी. आता दुसऱ्याच्या पाण्यात उतरायचं तर कोणी पारोशी येईल का? चौघीही घरी हिरव्या साबणाने घासूनपुसून आल्या. पोहण्याचे कपडे पावडरीत भिजवून, धुऊन, इस्त्री करून. सीना ऑन्टी तर पेटीकोट दोनदा साबणातून काढून आली, डोक्यावर चर्चची टोपी. मीही काय कमी? सकाळी स्पाच्या कडा साबणाने घासल्या होत्या!

बसलो पाचीजणी. मी बुडबुड्यांचं बटण दाबलं.

आधी बोटभर फेस. छान, म्हणाल्या सगळ्या. मग हातभर. मग शेजारणीचं तोंड दिसेना. मला बटण सापडेना, कारण बटणही फेसात! फेस कडेवरून खाली, पायऱ्यांवर, गुलाबांवर, फाटकाखालून रस्त्यावर — आणि थेट पाटात. पाट पांढरा होऊन वाहायला लागला चर्चपर्यंत. खालच्या अंगाला ज्याची पाळी चालू होती तो घेवड्याच्या वाफ्यातून शिव्या देत वर आला, पाटाची तक्रार सीना ऑन्टीकडे न्यायची म्हणून. आणि सीना ऑन्टी कुठे? फेसातून नुसती टोपी दिसत होती. टोपीखालून आवाज आला, "वहीत लिहून घेते. सोमवारी ये."

मी एवढी हसले की मला बाहेर ओढून काढावं लागलं. दवाखान्यात असं हसणारी बाई आली असती तर मी तिला इंजेक्शन दिलं असतं.

गुरुवार, २७ मार्च

दुकानातून माणूस आला. मिस्टर आरेन्से. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे असतील, कपाळावर चष्मा, आणि जाकिटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आधी बूट पुसले, मग फाटक उघडलं. लक्षात आलं माझ्या.

पेटीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या, एक पाण्यात बुडवली, उजेडात धरली. मान हलवली. फेसाचं कारण एका दमात सांगितलं — मऊ पाणी साबणाला सोडत नाही. कपड्यांतला, अंगावरचा, सगळा धरून ठेवतं. नुसत्या पाण्याने खळबळून या, साबण नको. बरं, म्हटलं. पण मग म्हणाले, "खरी काळजी फेसाची नाही, सिस्टर. तुमचं पाणी उपाशी आहे."

"उपाशी?"

"त्यात चुना नाही, क्षार नाही, काही नाही. पोटात काही नाही म्हणून ते मिळेल ते खातं. आधी हीटर खाईल."

आणि पांढऱ्या पावडरीचा डबा पुढे केला. कॅल्शियम. रोज संध्याकाळी एक कप, बादलीत विरघळवून. एकदम सगळं नाही घालायचं.

मला असा राग आला! आमच्या पाण्याला नावं? या पाण्यात माझ्या आजीचे केस ऐंशीव्या वर्षी रेशमासारखे होते. या पाण्यात अख्ख्या गावाचा बाप्तिस्मा झालाय. सगळं ऐकवलं. ते शांतपणे ऐकत राहिले, डबा हातात तसाच. मग म्हणाले, पाणी प्यायला उत्तमच आहे, त्यांच्या गावाहून चांगलं. भांडण फक्त लोखंडाशी आहे.

डबा ठेवून घेतला. घालणार मात्र नाही. नावाची लिओनोर याफ्ता आहे मी.

गुरुवार, ३ एप्रिल

परत आले. पट्टी बुडवली. "अजून उपाशीच." मी म्हटलं, असेल. आल्याचं सरबत दिलं, नाही तर माणुसकीला धरून झालं नसतं. दोन ग्लास प्यायले. ते हसतात तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. त्यांच्या गावच्या चर्चच्या बँडमध्ये ते मोठी तुतारी वाजवतात, पोटाशी धरतात ना ती. बायको जाऊन अकरा वर्षं. हे मी विचारलं नव्हतं!

(विचारलं होतं.)

गुरुवार, १७ एप्रिल

कूकसिस्टर तळले. आमच्यात ते रविवारी सकाळी तळतात, पाकात बुडवून वर खोबरं. गुरुवारी तळताना वास रस्त्याभर गेला आणि सीना ऑन्टी भिंतीवरून म्हणाली, "रविवार लवकर आला वाटतं तुझ्याकडे."

मिस्टर आरेन्सेंनी चार खाल्ले. पट्टी बुडवली. कपाळाला आठ्या. पावडर घालताय ना? घालतेय, म्हटलं. घडाघडा खोटं! मला स्वतःचं आश्चर्य वाटलं.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर

पहाटे सगळं गाव ईस्टरच्या प्रार्थनेला दफनभूमीत. यंदा दोन्ही गावांचे बँड एकत्र होते. सूर्य डोंगरावर आला आणि तुताऱ्या सुरू झाल्या. हेनीची कबर मी काल पांढरी रंगवून घेतली, फुलं ठेवली, त्याच्याशेजारी उभी होते — आणि बघत कुणाकडे होते? मिस्टर आरेन्सेंच्या फुगलेल्या गालांकडे. बासष्ट वर्षांची बाई! हेनी, माफ कर रे. तुझ्याच शेजारी उभी राहून बघितलं, चोरून नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

खरं लिहू का? कोण वाचतंय. पावडर मी घालत नाही, कारण पाणी नीट झालं की तो माणूस यायचा बंद होईल. झालं. लिहून टाकलं. कान गरम झालेत.

गुरुवार, १ मे

सुट्टीचा दिवस, दुकानं बंद, आणि तरीही नऊच्या ठोक्याला हजर! असे कामाचे लोक आता उरले नाहीत. नवा डबा देऊन गेले. आता माझ्याकडे तीन डबे झालेत.

शुक्रवार, १६ मे

शार्मोनचा फोन. स्पा चालतोय का? मी म्हटलं, सारखं काही ना काही असतं. बोलून गेले! ती लगेच वैतागली — मग परत देऊन टाकू, मम्मी, तुझ्या डोक्याला ताप नको.

म्हणजे पाणी नीट झालं तर तो येणार नाही, आणि नाही झालं तर स्पाच जाणार, मग तो येईलच कशाला? बसले डोकं धरून. मग हसू आलं. सोळा वर्षांची असताना एवढं डोकं चालवलं असतं तर मेट्रन झाले असते. फोन करून सांगितलं, सगळं उत्तम आहे, तू कामाला लाग.

गुरुवार, २९ मे

हिवाळा लागला. डोंगरावर बर्फ. स्पातून वाफ निघत होती आणि आम्ही दोघं कडेवर बसलो होतो, मी पाय आत सोडून, ते बूट घालून. म्हटलं, काढा बूट. नको म्हणाले. मग काढले. मोजे व्यवस्थित घडी करून बुटात ठेवले. गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात, वर जाकिटाची सगळी बटणं लावलेली! अर्धा तास तसेच. इतक्या सुखात मी कितीतरी वर्षांत बसले नव्हते.

जाताना म्हणाले, सहा-सात आठवडे पावडर घालूनही पट्टी हलत नाही, असं पाणी त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही. "आमचं पाणीच तसं आहे," मी म्हटलं. जीभ झडायला हवी माझी.

मंगळवार, १७ जून

स्पा गार. बटण दाबलं, दिवा लागला, विझला. पाणी बर्फ.

गुरुवार, १९ जून

हीटर काढला त्यांनी. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ठेवला. जागोजागी खड्डे, दोन ठिकाणी आरपार भोकं. उंदराने खाल्लेल्या पावासारखा. एवढं ते मऊ, गोड, बाप्तिस्म्याचं पाणी!

मी ओरडा खायच्या तयारीत होते. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "चूक माझी आहे, सिस्टर. तीस वर्षं हेच काम करतोय. एक तर माप चुकतंय, नाही तर रंग दिसेनासे झालेत मला. आता मी थांबायला हवं."

चहा दिला. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बिस्किटं हवीत का विचारलं.

बिस्किटं!

शनिवार, २१ जून

दोन दिवस जेवण जात नाही. नर्स होते मी. डोळ्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशेजारी पस्तीस वर्षं उभी राहिले. धडधाकट माणसाला त्याचे डोळे गेले असं वाटायला लावलं मी, मला सरबत पाजायला कोणीतरी हवं म्हणून. लाज वाटते.

लपवलेले डबे बघायला कपाट उघडलं. वरच्या फळीवर, चांगल्या टेबलक्लॉथांच्या मागे ठेवले होते, नऊ डबे, झाकणं अर्धवट. आणि देवा रे! ही पावडर हवेतलं पाणी ओढून घेते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डब्यांतून पाझरून पाझरून सगळी फळी ओली. माझ्या लग्नातला भरतकामाचा टेबलक्लॉथ खारट चिकट लगदा झालाय. बरी अद्दल घडली. पण त्यातही हसू आलं, मला काय करावं कळत नाही.

गुरुवारी सांगणार. सांगितलं की तो परत येणार नाही, ते ठाऊक आहे. तरी सांगणार.

गुरुवार, २६ जून

नवा हीटर घेऊन आले. हमीत मिळतो, असं म्हणाले. बसवायला वाकले, तेव्हाच मी तो ओला टेबलक्लॉथ समोर आणून ठेवला. मागोमाग एकेक करून नऊ डबे.

"पावडर मी घातलीच नाही," मी म्हटलं. "एक कपसुद्धा नाही. तुमचे डोळे चांगले आहेत."

त्यांनी डब्यांकडे बघितलं. हाताने मोजल्यासारखं केलं.

"का पण, सिस्टर?"

तेव्हा सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, बुधवारी भांडी घासताना पाच वेळा म्हणून पाहिलं होतं. पण तोंडातून निघालं, "आमच्या पाण्यात कोणी काही घालावं, ते मला पटलं नाही." अर्धं खरं. अर्ध्याने काय होतं?

ते पायरीवर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडताहेत. हसत होते! डोळे पुसत म्हणाले की गेल्या आठवड्यात शहरात जाऊन चष्म्याचा नंबर तपासून घेतला, डॉक्टर म्हणाला काही झालेलं नाही, आणि यांनी डॉक्टरलाच मूर्ख ठरवलं.

मग स्वतः पावडर घातली. थोडी, थांबून पुन्हा थोडी. तीन तास लागले. भेंडी-टोमॅटोची ब्रेडी केली होती मी, दाट रश्शाची, भातावर वाढली, ताट पुसून जेवले. शेवटची पट्टी मला दाखवली. रंग बरोबर.

"आता हे पाणी पोटभर जेवलंय. महिनोन्‌महिने काही होणार नाही."

फाटकाशी हात मिळवला. जरा जास्त वेळ धरला, की मला तसं वाटलं? पुढच्या गुरुवारचं काही बोलले नाहीत. बोलतील कसे? काम संपलं.

मंगळवार, १ जुलै

सीना ऑन्टी स्पात बसून गेली, बिनसाबणाची. फेस नाही. म्हणाली, मजा नाही राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यातही." नेहमी खडूस बोलते, पण जाताना उगाच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला रडूच आलं. पाणी काय, सदतीस अंशावर अगदी स्थिर.

गुरुवार, ३ जुलै

पाणी नीट. हीटर नीट. कंबर नीट. सगळं नीट. भयंकर!

नऊला फाटकाचा आवाज आला म्हणून धावले. वारा होता.

शनिवार, ५ जुलै

शार्मोनचा फोन, मी स्पात असताना. मी अगदी सहज विचारलं, दुकानात सांगून त्या मिस्टर आरेन्सेंना अधूनमधून पाठवता येईल का? ती म्हणाली, "कसं पाठवतील, मम्मी? हमीत दोनच फेऱ्या होत्या, मार्च-एप्रिलमध्येच झाल्या. आणि दुकानवाले सांगत होते, ते तर एप्रिलअखेर निवृत्त झाले." नवा हीटर? "हीटर हमीत येतच नाही. मऊ पाण्याने खाल्लेला तर मुळीच नाही, कागदावर स्पष्ट लिहिलंय."

मेमधले पाच गुरुवार. जूनमधले चार. चाळीस-चाळीस किलोमीटर, जाकिटाची बटणं लावून.

त्यांच्या गावात बँडची तालीम तीनला असते. आता अडीच. केस ओले आहेत, द्यायला हातात काही नाही. गाडी काढते.